हाडाच्या बाहेर

झिलू चोडणकर, वय एकेचाळीस,
रायबंदर–चोडण फेरीवर खलाशी.
उजव्या नडगीवर सुपारीएवढी गाठ, दोन वर्षं.
तो सांगतो, रॅम्प सोडताना साखळी लागली होती.
सगळेच काही ना काही सांगतात.

दाबलं की पावलापर्यंत झिणझिण्या.
हे ओपीडीच्या कागदावर कोपऱ्यात होतं,
घाईतल्या अक्षरात.
मी ते दोनदा वाचायला हवं होतं.

एक्स-रेत हाडाला बाहेरून बशीसारखा खळगा,
कड पांढरी, रेखीव,
जणू कुणी वर्षानुवर्षं एकाच जागी
कोपर टेकून बसलं होतं.
आतली मज्जा शाबूत.
डॉ. मास्कारेन्यस फिल्म खिडकीकडे धरून म्हणाले,
हे सावकाश झालंय. खाणारं घाई करतं.
तरी खाली लिहिलंच:
सार्कोमा नाकारता येत नाही.

'नाकारता येत नाही':
आमच्या धंद्यातलं सर्वांत स्वस्त वाक्य.
भावानं ते शेजारच्या पोरीकडून वाचून घेतलं
आणि घरात पाय कापायची तारीखच ठरली.

सुकांतीनं मेणातून पापुद्रे काढले,
कोमट पाण्यावर सोडले, काचेवर अलगद उचलले.
मी पंखा बंद केला. का, ते माहीत नाही.

भिंगाखाली लांबट पेशी, कुठे दाट, कुठे विरळ.
मी आधी हाड शोधते,
पेशींनी स्वतःच विणलेलं कोवळं, चुकार हाड.
नाही.
कूर्चा?
नाही.
विभागणारी पेशी एक, तीही शंकेची.
मग स्लाइडच्या अगदी कडेला,
जिथे चहा आला म्हणून मी उठणारच होते,
केंद्रकं ओळीत उभी,
समोर दुसरी ओळ,
मधे रिकामी गुलाबी पट्टी.
दोन धक्क्यांवर माणसं ताटकळावीत तशी,
फेरी अजून मधोमध.
(ही उपमा त्याच्या धंद्यावरून सुचली,
एरवी मी यांना कुंपण म्हणते.)

हे मानेत पाहिलंय, हातात पाहिलंय.
हाडावर, तेवीस वर्षांत, एकदाही नाही.
पण हाडाच्या सालीतही नसा असतातच,
म्हणून तर नडगीला पलंगाची कड लागली
की देव आठवतो.
पाठ होतं हे. आठवत नव्हतं.

एस-हंड्रेडचा रंग मागवला.
दोन दिवसांनी आला तपकिरी, गडद,
केंद्रकांतसुद्धा,
कढईत विसरलेल्या गुळासारखा.

तरी सही करायला संध्याकाळ झाली.
मागे एकदा मी घाई केली होती.
ती मुलगी काणकोणहून कुबडी घेऊन येते,
अजून मला गुड मॉर्निंग म्हणते.

अहवालात लिहिलं:
मज्जातंतूच्या आवरणाची गाठ,
हाडाच्या पृष्ठभागावरची. विरळा. सौम्य.
सौम्य. हा शब्द आपण उन्हाला वापरतो,
साबणाला वापरतो.

मंगळवारी झिलू आला.
'पांय उरतलो मगे?'
'उरतलो. गाठ तेवढी काढतील.'
तो चपलेकडे बघत राहिला बराच वेळ.
मग म्हणाला, साखळीनंच झालं ना?
पुस्तकांत कारण नाही.
माहीत नाही, म्हटलं.
हे काही त्याला पटलं नाही.
'काढलेली गाठ घरी देतात?'
नाही, म्हटलं. ती आमच्याकडे राहते.
'मग बघा हां नीट,' म्हणाला,
जणू कोंबडी सांभाळायला देत होता.

त्याचा मेणाचा ठोकळा मी खणात ठेवला.
काणकोणचा खण तीन रांगा खाली.
किल्ली एकच आहे.