पाणी मुरतंय

वही आधी दुकानाची होती.
पहिल्या सहा पानांवर साखर, रॉकेल, मेणबत्त्यांची उधारी.
सातव्या पानापासून डोंगर सुरू होतो.

मी कुरण मंडळाची चिटणीस.
अक्षर बरं म्हणून निवडलं मला,
धाडस बघून नव्हे.

आमच्या हा-तेकेत्सेच्या पाठीमागं, घोड्यावरून चार तासांवर
एक ओलं पठार आहे.
मामोहाउ म्हणते, ती लग्न होऊन आली तेव्हा
तिथं पाऊल टाकलं की जमीन हलायची
गाभण गाईच्या कुशीसारखी.
मग लोकरीला भाव आला. मेंढरं वाढली.
खुरांच्या वाटा झाल्या, वाटांच्या नाळी,
नाळींच्या घळी;
एकीत तर लेफूचं घोडं उभंच्या उभं मावलं.
आता पाऊस येतो तो घाईच्या पाहुण्यासारखा,
उंबऱ्यावरूनच परत फिरतो,
जाताना थोडी माती उचलून नेतो.

ठराव पहिला: तीन उन्हाळे वर जनावर चारायचं नाही.
ठराव दुसरा: घळींना दगडी ताली घालायच्या,
फटींत सेहलाहलाची झुडपं कोंबायची.
ठराव तिसरा बायकांचा होता:
दगड वाहायला येईल त्यालाच बैठकीत बोलायला मिळेल.
यावर खूप खोकणं झालं. मंजूर.

दोन हिवाळे आम्ही घोंगड्या कमरेला बांधून दगड वाहिले.
बोटांची सालं निघाली.
गावात बोललं जाऊ लागलं,
या मंडळात कुठंतरी पाणी मुरतंय.
मी ते इतिवृत्तात जसंच्या तसं लिहिलं आणि वाचून दाखवलं.
मामोहाउ तंबाखू मळता मळता म्हणाली,
"मुरू दे की बायांनो. तेवढ्यासाठीच तर मरतोय."

नोव्हेंबरचं एक पान आहे, ते मी उघडत नाही.
रात्र. धुकं. लेफू राखणीला.
घंटेत चिंध्या कोंबलेली एकतीस मेंढरं
बंदीच्या गवतात,
आणि त्यांच्यामागं हातात काठी घेऊन सेखोबे.
माझा धाकटा भाऊ.
त्याची बायको तेव्हा दवाखान्यात होती,
कोरड्या उतारावर मेंढ्या आटल्या होत्या,
हे सगळं मला माहीत होतं.
बैठक माझ्याकडं बघत राहिली.
मी म्हणाले, थंडीनं पेन चालत नाही.
पेन चालत होतं.
मग मी लिहिलं: सेखोबे, एकतीस, दंड दोन कोकरं.
माझ्या बऱ्या अक्षरात.

तेव्हापासून तो आमच्या चुलीशी बसलेला नाही.
त्याच्या घरी बाळ झालं, निरोप शेजारणीकडून आला.

खाली धरण आहे. धरणातून डोंगराच्या पोटातून
पाणी परदेशातल्या शहरात जातं.
तिथं आत्ता कुणी नळ सुरू ठेवून दात घासत असेल.
घासो बापडा.
त्याला काय ठाऊक, त्याच्या चुळीत
मामोहाउच्या गुडघ्यांची कळ आहे,
आणि दोन कोकरं.

आज सप्टेंबरची नऊ तारीख.
एप्रिलपासून आभाळानं थेंब दिलेला नाही.
झऱ्यावर मामोहाउची काठी रोवलेली असते,
तिच्यावर सुरीनं पाडलेल्या खाचा.
परवापर्यंत पाणी दुसऱ्या खाचेखाली होतं.
आज खाच बुडाली होती.
मी वाकून पुन्हा बघितलं, बोट घालून बघितलं.
थंडीनं बोट बधिर झालं.

वर मान केली तर पलीकडं सेखोबे,
घोड्याचा लगाम धरून.
मी काही बोलले नाही. तोही नाही.
त्यानं दगडी कुंडाचा एक निखळता दगड
बुटाच्या टाचेनं आत दाबला,
सवयीनं दाबावा तसा,
आणि घोड्याला पुढं सोडलं.

घोडं प्यायलं.
बराच वेळ पीत राहिलं.
वही काखेत होती, मी उघडली नाही.