लॉट नंबर

अंबड रोडला, बंद पडलेल्या जिनिंगच्या मागे
पन्नास मीटर मोकळी जागा, शेवटाला मातीचा बांध.
फेब्रुवारी. सकाळचे सव्वासात.
रोलिंग मिलचा धूर सरळ वर चाललेला,
म्हणजे वारा नाही.
सुभेदार हबीब पठाण धुराकडे बघून म्हणाले,
"लावा. तासभर आहे आपल्याकडे."

रायफल शिकंज्यात. एमआयडीसीतल्या एका फिटरनं
पैसे न घेता करून दिलेला,
सिमेंटच्या ओट्याला चार नटांनी आवळलेला.
आज नेम कुणी धरायचा नाही.
स्नेहलनं फक्त बोल्ट ओढायचा, गोळी ठेवायची, चाप दाबायचा
आणि श्वास हवा तसा घ्यायचा.
"नुसतं हात लावून बसायला कसंतरीच व्हायलंय," ती म्हणाली.

पॉइंट बावीस. करंगळीच्या पेराएवढी.
हिची ठिणगी बुडाच्या मधोमध नसते,
काठाच्या घडीत भरलेली असते, गोल फिरून,
आणि ती सगळीकडे सारखी बसलीय का
हे उडवल्याशिवाय कळत नाही.
मला यात नवं काही नव्हतं.
एकवीस वर्षं बियाण्याच्या लॅबमध्ये आहे मी:
ओल्या कागदावर सोयाबीनचे शंभर दाणे, गुंडाळी,
आठव्या दिवशी उलगडून मोजायचं.
मोजलेला दाणा पेरता येत नाही.
पेरला जातो तो न मोजलेला, त्याच ढिगातला,
आणि पिशवीवरच्या आकड्याखाली सही माझी.

चार लॉट. कंपनी एक, डबी एक, रंगसुद्धा तोच,
फक्त झाकणाच्या आतला नंबर वेगळा.
प्रत्येकाच्या सतरा. त्यातल्या पहिल्या सात मोजायच्या नाहीत:
नळीत मागच्या लॉटचं मेण असतं,
ते निघेपर्यंत नवी गोळी आपली चाल दाखवत नाही.
"बदली झालेला जवान," पठाण म्हणाले,
"आठवडाभर जुन्याच युनिटच्या गोष्टी सांगतो."

पहिला लॉट उभा पसरला, खालून वर,
कुणात दारू जास्त, कुणात कमी.
दुसरा वीस मिलिमीटर. बरा.
तिसरा सांडलेल्या ज्वारीसारखा.
चौथा —
नऊ गोळ्यांचं मिळून एकच भोक,
शर्टाच्या गुंडीखाली झाकेल एवढं.
आणि दहावी वर, उजवीकडे, एकटी.

"ती वाऱ्याची," पठाण म्हणाले. "सोडून द्या."

धूर अजून सरळच होता.
मी कॅलिपर घेऊन उभा. आणि मला आठवले
एका मे महिन्यातले अडुसष्ट,
साहेबांच्या टेबलाशी उभ्या उभ्या
ज्यांचे मी सत्तर केले होते.
दोनच दाणे. कुणी विचारलं नाही.
पाऊस वेळेवर झाला त्या वर्षी, काही बिघडलंही नाही.
बिघडलं असतं तर निदान
कुणाशी तरी बोलता आलं असतं.

"पप्पा, मोजा ना. कामून थांबलात?"
"मोजली तर हा लॉट जातो."
"मग स्पर्धेत निघाली असती म्हंजे?"

जबडे उघडले. लांबच्या भोकापर्यंत नेले.
एकतीस पूर्णांक चार.
तिनं वही पुढं केली, मी लिहिलं,
तिनं शाई वाळायची वाट पाहिली.

दुसरा लॉट घ्यायचं ठरलं, वीसवाला,
ज्याच्याबद्दल कुणाला काही बोलावंसं वाटलं नव्हतं.
पठाण गप्प. शिकंजा सैल करताना
त्यांनी चौथ्या कागदाकडे आणखी एकदा पाहिलं,
मग तो घडी करून खिशात घातला.

तोवर धूर वाकला होता, रेल्वे फाटकाकडे.
रजिस्टरला भरायची म्हणून रिकामी पितळं वेचली,
गरम नव्हती आता. प्रत्येकीच्या काठावर
एकाच बाजूला एक बारीक चेप.
मोजली. पुन्हा मोजली.
स्नेहल पिशवीचं तोंड धरून उभी होती.
"किती?"
"अडुसष्ट," मी म्हणालो.