डब्याची बाई

तिकीट दीडशे रुपये, टॉर्च आपापला आणायचा,
सेंट मारून येऊ नये, असं फोनवर बजावलेलं.
मी मारत नाही. डोक्याला खोबरेल, तेवढंच.

सातला टाऊन हॉलच्या फाटकाशी आम्ही चौदाजण:
एक नवं जोडपं, इचलकरंजीची कॉलेजची पोरं,
बेताबेतानं घाबरायला आलेले एक बँकेतले साहेब,
आणि मी, गुडघ्याला पट्टा बांधून.
सुहेल मुल्लाणी आमचा वाटाड्या. वय असेल चोवीस.
काळा शर्ट, हातात कंदील, कंदिलात सेलवरचा दिवा.
'मागं वळून बघायचं न्हाई,' म्हणाला.
लगेच सगळ्यांनी मागं वळून बघितलं.

वर वटवाघळं सुटली होती,
झाडांनी खिसे झटकावेत तशी.

तोफेपाशी त्यानं एक गोरा साहेब उभा केला,
टोपीसकट, मुंडकं नसलेला.
'मग टोपी घालतो कुठं?' एका पोरानं विचारलं.
'हातात असती, भावा.'
कारंज्यापाशी पैंजण वाजतात म्हणे.
मला बेडूक ऐकू आले.

मग तो थांबला. कंदील खाली धरला.
मोठ्या झाडाखालचं सिमेंटचं बाकडं.
तिथून रस्त्यापलीकडे सीपीआरच्या खिडक्या दिसतात,
पिवळ्या, अकरा.
मला मोजाव्या लागल्या नाहीत.

'हितं डब्याची बाई बसती,' सुहेलनं आवाज उतरवला.
'पांढरी साडी, केस मोकळे.
नवरा समोर दवाखान्यात गेला, तिला कुणी सांगितलंच न्हाई.
अजून डबा मांडीवर घिऊन वाट बघती.
माझ्या आज्यानं सोत्ता बघितलीया. हितं वॉचमन हुता त्यो.'

साडी अबोली होती.
केसांचा अंबाडा, आकडा हरवला म्हणून त्यात पेन खोचलेलं.
डब्यात मऊ भात, वर लिंबाची फोड.
आणि नवरा आत्ता घरी आहे, टीव्हीवर कुस्ती बघतोय,
येताना भडंग आण म्हणालाय, कमी तिखट.

सत्त्याण्णव सालचा माघ. एकवीस रात्री.
पुरुषांच्या वॉर्डात बायकांना थांबू देत नसत,
आणि गारगोटीची शेवटची एसटी केव्हाच गेलेली.
दस्तगीरनं फाटकाची कडी नुसती टेकवून ठेवायची,
मी ढकलायची, त्यानं बिडीकडे बघत राहायचं.
एवढंच आमचं बोलणं.
एकदा फक्त बाकड्यावर पोतं अंथरलेलं सापडलं,
कोरडं, घडी घालून.

एका रात्री मुकादम आले, बॅटरी घेऊन.
'कोण आहे रे तिकडं?'
मी झाकण पोटाशी दाबून धरलं, वाजू नये म्हणून.
आणि दस्तगीरचा आवाज,
भाजीचा भाव सांगावा तितका शांत:
'जाऊ नगा साहेब. तिथं बाई दिसती. पाय न्हाईत तिला.'

बॅटरी विझली. बूट परत गेले, घाईनं.
मी लुगड्याखाली पाय ओढून घेतले,
त्याचा शब्द खोटा पडू नये म्हणून.

'आजोबा आहेत का रे?' मी विचारलं.
'गेले की काकू. मोहरमात दोन वर्सं झाली.'
कंदिलाच्या उजेडात हनुवटी तीच, मधोमध खळगा.
सांगावं, असं घशापर्यंत आलं.
पण आज्याची एवढी एकच वस्तू
त्याच्याकडे उरली असेल तर?
घरातल्या बाकीच्यांनी घड्याळ, सायकल वाटून घेतली असेल तर?

मी इतकंच म्हटलं, 'आणि पाय?'
तो हरखलाच. 'न्हाईत, काकू! सांगायचं ऱ्हायलंच बघा.
तुमास्नी कसं ठावं?'

'आमच्याकडे म्हणतात,' मी म्हटलं. 'गारगोटीला.'
त्यानं ते मनात टिपून घेतलेलं मला दिसलं.
पुढच्या शनिवारपासून ती गारगोटीची असणार.

पोरांनी मोबाईल काढलेच.
नवी नवरी बाकड्याकडे बघत दोन पावलं मागे सरली,
माझ्या दंडाला धरून. तिचा हात गार होता.
बँकेतले साहेब म्हणाले, 'ओ बाई, जरा बाजूला होता का?
बाकडं रिकामं यायला पाहिजे फोटोत.'

मी झाले बाजूला.