दोन बोटं माया

डब्यावर एक बाई आहे. तिला कंबर नाही,
कंबरेच्या जागी नुसतं वळण.
खाली लिहिलंय : अठ्ठावीस दिवस.
भाचीनं बाणेरहून पाठवला, सोबत चिठ्ठी :
"मावशी, उपाशीपोटी. साखर नाही. बिस्किट तर नाहीच."

म्हणून सध्या पहाटे साडेपाचला
मी सहकारनगरच्या गॅलरीत उभी राहून
गवताचा रंग आलेलं गरम पाणी पिते.
दालचिनी कळते, ओवा कळतो,
तिसरं काहीतरी जिभेच्या मागे जाऊन बसतं
आणि नाव सांगत नाही.

खाली कोपऱ्यावर अमृततुल्य उघडतं.
पितळी पातेल्यात आलं पडतं, वेलदोडा पडतो,
आणि वास तीन मजले चढून येतो,
धाप न लागता.
हे खाली जाऊन पिऊन येतात,
दारातच मिशी पुसतात, विचारतात,
"झाला का तुझा काढा?"
एकोणचाळीस वर्षांच्या संसारात
इतकी सावधपणे पुसलेली मिशी मी पाहिली नव्हती.

नवव्या दिवशी काटा तीन किलो खाली.
मी दोनदा उतरून तिसऱ्यांदा चढले.
भाचीला फोन केला, विहीणबाईंना केला,
मग जिला कळायलाच हवं होतं त्या निर्मल गुजरला.
टेलिफोन खात्यात ती माझ्या शेजारच्या टेबलावर,
आणि तिला निरोपसमारंभाचा ब्लाउज अजून होतो.

पोट मात्र सारखं धावायला लावत होतं.
दहाव्या दिवशी डबा घेऊन बोहरी आळीत गेले.
शब्बीरभाईंनी चिमूटभर तळहातावर पसरली,
चष्मा कपाळावर ढकलला,
एक पान नखानं बाजूला केलं.
"ही सोनामुखी. कोठा जड असला तर एखाद-दोन रात्री ठीक.
रोज नको, बाई. उतरलंय ते पाणी.
चरबी आहे तिथंच आहे, कुठं गेली नाही."
इतक्या आपुलकीनं सांगितलं
की कुणा नातलगाची खुशाली कळावी तसं वाटलं.

तिथून कसब्यात. पिशवीत जांभळा ब्लाउज,
लेकीच्या लग्नातला, अकरा वर्षांपूर्वीचा.
मार्गशीर्षात पुतण्याचं लग्न,
आणि हूक नि आकडे एकमेकांकडे
अबोला धरलेल्या जावांसारखे बघतात.
खळदकरबाईंनी टेप हातात घेतलीच नाही.
ब्लाउज उलटा केला, कड उघडली :
दोन्ही अंगांना दोन-दोन बोटं कापड,
ऊन न बघितलेलं,
बाहेरच्यापेक्षा गडद.
"माया ठेवलीय की," त्या म्हणाल्या, "तेव्हाच.
पन्नाशीच्या बाईला मी ठेवतेच."
आणि ब्लेडनं टाके उसवत गेल्या, टच टच टच.

अकरा वर्षं मी ती काखेशी बाळगून हिंडत होते
आणि काट्यावर उभी राहून
स्वतःवर खेकसत होते.

डबा अजून फडताळात आहे. टाकवत नाही, भाचीचे पैसे.
आज कुंडीतल्या गवती चहाची दोन पाती तोडली,
आलं ठेचलं, दूध घातलं,
साखर अर्धा चमचा. अर्धाच,
गुडघ्यांना शब्द दिलाय.
ह्यांना म्हटलं, खाली जाऊ नका.
हे म्हणाले, आधी तळजाईपर्यंत चालून येऊ का?
म्हटलं, आधी चहा.

मिशी पुसायला विसरले.