किरकोळ खर्च

कान गेल्यावरही जॅबेझ थ्रेलकेल्ड पूल ऐकायचा.
हातोडीचा दांडा दातांत,
लोखंडी टोक तुळईला टेकवलेलं, डोळे मिटलेले.
मी पलीकडून एकेक रिव्हेट ठोकत जायचो.
मी म्हणजे शेगडीवर रिव्हेट तापवणारा पोर, वय अकरा,
भुवया तेव्हाच जळालेल्या.
“हा नीट बोलतोय. हा पण. हा... थांब,
हा खोटं बोलतो.”
मग खडूची फुली.

बाप मिठागरावरचा. हा चौदाव्या वर्षी
कार्लाइलच्या कचेरीत दुसऱ्यांचे नकाशे गिरवू लागला.
गिरवता गिरवता साहेबाची एक कमान
गुपचूप दुरुस्त केली,
आठवड्याचा पगार गेला.
पुढे एकोणीस पूल.
पहिला लाकडी, कोळशाच्या गाड्यांचा, कधीच जळालेला;
पडल्या दाताकडे जीभ जावी
तसा त्याच्याकडे वळायचा.

शेवटचा हा, खाडीवरचा.
मँचेस्टरहून संचालक आले, कोरड्या छत्र्या घेऊन:
“एवढं लोखंड कशाला, मिस्टर थ्रेलकेल्ड?”
“वारा तुमचा भागधारक नाही.
सभेचा ठराव त्याला लागू होत नाही.”
लोखंड मिळालं. अर्धं.
उरलेल्यासाठी तो दोन वर्षं पत्रं लिहीत राहिला.

नोव्हेंबरच्या भरतीत
चौथ्या खांबाच्या विहिरीत चिखल शिरला.
खाली पाच जण.
महिनाअखेरीला कारकुनाने मांडलं:
चुना, दोर, मेणबत्त्या, घोड्यांचे नाल, किरकोळ खर्च.
थ्रेलकेल्डने ‘किरकोळ’ खोडलं.
रकान्यात मावेल अशा बारीक अक्षरात लिहिलं:
फेलिम मॅकगर्क. ह्यू मॅकगर्क. आयझॅक टिफिन. ओवेन लाव्हेरी.
आणि ज्याला आम्ही नुसतं ‘नॉर्वे’ म्हणायचो तो;
त्याच्यापुढे जागा कोरी.
वही मँचेस्टरहून दुरुस्त होऊन परत आली.
त्याने पुन्हा लिहिलं.
असं तीनदा.

उद्घाटनाला चांदीची थापी मिळाली.
त्याची बायको टॅमसिन तिने माशाची पाय वाढायची,
म्हणायची, एवढी तरी कामाला आली.

आता मी सत्तरीचा. दात सहाच,
पण समोरचे दोन एकमेकांना भेटतात.
काल रात्री, शेवटची मालगाडी गेल्यावर,
त्याचीच हातोडी चावून उभा राहिलो.
थंड लोखंडाची चव तीच.
चौथ्या खांबापाशी एक रिव्हेट
खोटं बोलतोय.

कंपनीला कळवलंय.
अजून कोणी आलेलं नाही.