रुंदी शून्य

तक्रार क्रमांक चार हजार सातशे बारा.
भोरहून, दत्तात्रय शिळीमकर, शाळेत क्लार्क.
"हॉल तिकिटं छापायचा प्रोग्रॅम मीच लिहिलाय, व्हिडिओ बघून.
सगळी पोरं बरोबर येतात.
फक्त ईश्वरी बऱ्हाटे, दहावी ब,
ती बर्हाटे येते.
माझं चुकतंय की तुमच्या भाषेचं?"

तुमच्या भाषेचं.
मी दिवसा मार्केट यार्डात कांद्याच्या पट्ट्या जुळवते,
रात्री धनकवडीत, तिसऱ्या मजल्यावर,
कुणाच्याच मालकीची नसलेल्या एका भाषेची
एक खोली झाडते:
अक्षरं कापायची, जोडायची, मोजायची खोली.
पगार नाही. किल्ली आहे.

दोन रात्री काही सापडलं नाही.
फॉन्ट बरोबर, फाइल बरोबर,
शिळीमकरांचा प्रोग्रॅम तर माझ्यापेक्षा नीटनेटका.
तिसरा दिवस गुरुवार, पाणी बंद, भांडी तशीच.
म्हटलं, तेवढ्यात मोकळ्या जागा छाटणारं फंक्शन वाचून काढू.
तिथे ती ओळ:
दिसत नाही ते काढून टाक.
अकरा वर्षांपूर्वीची. लिहिणारा यारमो,
जो आता फिनलंडमध्ये मधमाश्या पाळतो असं ऐकून आहे.
शेजारी त्याचीच टीप:
न दिसणारी चिन्हं फक्त फसवायला वापरतात.

त्याला बिचाऱ्याला काय माहीत
की र आणि ह यांच्यामध्ये
एक जोडणारा बसलेला असतो,
रुंदी शून्य, शाई शून्य,
आणि तो उठला की र उडी मारून
पुढच्याच्या डोक्यावर चढतो.
दऱ्यांचा दर्या होतो.
आचाऱ्यांचे पैसे आचार्यांना जातात.

मामा नारायण पेठेत खिळे जुळवायचा.
पापणीएवढा तो अर्धा र त्याच्या खणात नेहमी कमी.
तुटला की पलीकडच्या छापखान्यातून
दोन उसने आणायचा, पुडीत बांधून,
काम झालं की परत.
विसरला तर तिकडचा पोऱ्या दारात उभा.

ओळ नुसती उडवली,
तर एकोणचाळीस चाचण्या लाल.
यारमो अगदीच वेडा नव्हता.
मग रात्री दीडला तीच ओळ पुन्हा लिहिली, एका अटीवर:
मागचं अक्षर पाय मोडलेलं असेल
तर त्याचा आधार काढू नये.
मराठीत म्हटलं तर एवढंच.
त्या भाषेत सतरा ओळी झाल्या.

टोरांटोच्या कुणीतरी तपासताना विचारलं,
किती जणांना लागतं हे?
मी कोटींचा आकडा लिहिला.
खोडला.
लिहिलं, एकीला. सोमवारी तिची परीक्षा आहे.

पुन्हा कुणी ही अट सहज पुसू नये
म्हणून एक चाचणीही जोडावी लागते, तसा नियम आहे.
उदाहरण काय द्यायचं, फार विचार केला नाही.

सोमवारपर्यंत अर्थातच काही झालं नाही.
नवी आवृत्ती दिवाळीनंतर निघाली.
शिळीमकरांनी हॉल तिकिटावर पेनानेच र सरळ केला,
शेजारी सही, वर शाळेचा गोल शिक्का.
चाललं, असं कळवलं त्यांनी. धन्यवादही म्हणाले.

आता कुठेही कुणी एखादा स्वल्पविराम बदलला
तरी यंत्र आधी सगळ्या चाचण्या चालवून बघतं.
दोन हजार तीनशे आठवी:
ईश्वरी बऱ्हाटे. ठीक.
तिला यातलं काही माहीत नाही.
ती बहुधा अकरावीला गेली असेल, किंवा नसेल.

कँडीहून एकाने लिहिलंय,
आमच्या सिंहलीतला श्रीसुद्धा नीट झाला.
अकरा वर्षं फुटका होता.
आम्हाला वाटायचं, आमचंच काहीतरी चुकतंय.

हे मी दोनदा वाचलं.
मग वर पाहिलं: चार हजार सातशे तेहतीस,
कुणाचं तरी घड्याळ अर्धा तास मागे पडतंय,
साडेपाचचे पाच होतायत.
थांब बाबा.
कुकर लावून येते.