रीडिंग

दिगांबर, तू फोनवर विचारलंस,
सध्या काय वाचायलास?
तेव्हा ट्रान्सफॉर्मर घुमत होता, नीट ऐकू येईना,
म्हणून आता सांगतो, सावकाश.

उदगीरच्या बाहेर, तोंडारच्या अंगाला,
सबस्टेशनात रात्रपाळी.
दर तासाला मीटरचं रीडिंग घ्यायचं, वहीत भरायचं.
दोन रीडिंगच्या मधे जी पंचावन्न मिनिटं उरतात
त्यांत या उन्हाळ्यात सात कादंबऱ्या संपवल्या.

पहिली शिंप्याची.
दर अवसेला त्याच्या दुकानात चोळीचं कापड येतं,
माप चिठ्ठीवर, माणूस नाही.
दर खेपेला माप बोटभर कमी.
आठव्या अवसेला शिंपी टेप उचलतो
आणि आपल्याच पोरीच्या पाठीला लावून बघतो.
नेमके त्याच पानावर अकरा वाजले.
शेड्यूल होतं. उठलो, फीडर तीन पाडला,
तेरा गावं माझ्या हातानं काळी केली,
परत येऊन बसलो तर
पाठ भिंतीला लावल्याशिवाय वाचता येईना.
हसू नको. तू असतास तर
कुत्र्याला आत घेतलं असतंस.
मीही घेतलं.

दुसरी जाड, जुनी, पहिली सोळा पानं गायब.
त्यामुळं दोघं भाऊ का बोलत नाहीत ते कळत नाही,
फक्त सहाशे पानं बोलत नाहीत.
एकाच बांधावर जेवतात, पाठीला पाठ,
आणि धाकटा न बघता, हात मागं करून
मिठाची पुडी सरकवतो.
तिथं मी पुस्तक मिटलं,
यार्डात एक चक्कर मारून आलो.
सगळ्यात आवडली कोणती म्हणशील तर हीच.

तिसरीत नुसता बर्फ. परदेशातली, मराठीत आणलेली.
घोडे गोठतात, शाई गोठते,
बाहेर दिवसाचे त्रेचाळीस अजून भिंतीत मुरलेले,
बनियन अंगाला चिकटलेलं,
आणि मी पायांवर चादर ओढली.

बाकीच्या चार सोड.
एकीत शेवटी भूत म्हणजे घरमालकाचा मेहुणा निघाला.
असलं मी माफ करत नाही.

खरी गोष्ट पुढंच आहे.
सगळ्या पुस्तकांत, समासात, शिसपेन्सिलीची बारीक अक्षरं.
शिंप्याच्या आठव्या अवसेपाशी:
'घाबरू नका. पुढं कुणी मरत नाही.'
मरतं रे. चाळीस पानांनी मरतं.
मिठाच्या पुडीपाशी: 'इथं उठून पाणी प्या.'
बर्फात: 'मला हे खोटं वाटतं. तरी आवडलं.'

मागच्या कार्डावर माझ्या आधी एकच नाव,
वत्सला मठपती, सभासद दोनशे बारा,
तारखा सगळ्या सत्त्याऐंशीच्या.
ग्रंथालयातल्या मुनीरभाईंना विचारलं.
चष्मा कपाळावर ढकलून म्हणाले,
'हाव, मुलींच्या शाळेत होत्या. मग तोंडारला गेल्या,
कुणी म्हणतं भालकीला.
त्या भावांचा दुसरा भाग त्यांच्याकडंच राहिला.
दंड वसूल केला तर एक शेळी येईल.'

दुसरा भाग आहे, दिगांबर!
म्हणजे कदाचित बोलतात ते.

परवा रात्री, फीडर पडलेला,
दोनला दहा कमी, फोन वाजला.
या वेळी शिव्याच येतात, रिसीव्हर कानापासून लांब धरला.
बाईमाणसाचा आवाज, म्हातारा, शांत:
'लाइट कधी येईल, बाबा?
चार पानं राहिलीत.'

कोणत्या पुस्तकाची, विचारायचं सुचलंच नाही.
'दोनला,' म्हणालो.
'बरं,' म्हणाली, आणि ठेवला.
मी घड्याळाकडं बघितलं, कुत्र्याकडं बघितलं,
आणि सात मिनिटं आधी फीडर चढवला.

वहीत कारणाचा रकाना असतो.
बराच वेळ पेन धरून बसलो,
मग लिहिलं: रीडिंग.
खोटं तर नाही ना?

साहेब काय म्हणायचं ते म्हणतील.
तू सांग, तुझ्याकडं काय चालू आहे.
भुताचं असेल तर पाठव एसटीनं,
मेहुणा निघणारं नको.